वरून जाऊ की खालून?

भायखळ्याकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोडने परळच्या दिशेला निघालं की टॅक्सीवाला मान किंचित वळवून विचारतो, "वरून जाऊ की खालून?" लालबागचा उड्डाणपूल 2011 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून हा प्रश्न या रस्त्यावर रोज हजारदा विचारला जात असेल. सुमारे अडीच किलोमीटरचा हा पूल एकदा चढला की चिंचपोकळी, लालबाग, भारतमाता सिनेमा सगळं खाली राहतं आणि गाडी थेट परळला उतरते. केईएम रुग्णालयात किंवा दादरला जायचं तर वरून. चिवडा गल्लीत, गणेश गल्लीत, भारतमाताच्या आसपासच्या एखाद्या चाळीत जायचं तर खालून. चुकून वर चढलात तर परळहून वळसा घालून परत या. आणि तो वळसा संध्याकाळी सहाला पडला तर मग विचारूच नका.

रस्ता दाखवणाऱ्या यंत्राला नेमका हाच प्रश्न सोडवायला जड गेला. उपग्रहाकडून येणारा संदेश तुम्ही कुठे आहात हे मोकळ्या आकाशाखाली पाचेक मीटरच्या फरकाने सांगतो. पण किती उंचीवर आहात, हे सांगताना त्याची चूक जास्त होते. लालबागचा पूल तर खालच्या रस्त्याच्या बरोबर डोक्यावर आहे. नकाशावर दोन्ही गाड्यांचा ठिपका एकाच जागी पडतो. वरची गाडी आणि खालची गाडी यांत यंत्राला फरक कळायचा तो बऱ्याचदा पुढे वळण चुकल्यावरच. जे. जे. पुलाचंही तेच. वर पूल, खाली मोहम्मद अली रोड. त्यात जे. जे. पुलावर दुचाकींना बंदी. नवखा मोटारसायकलवाला कानात इअरफोन घालून, आवाज सांगेल तसा निघाला आणि पूल चढला, की दुसऱ्या टोकाला पावती ठरलेली. गूगल मॅप्सने जुलै 2024 मध्ये भारतातल्या 40 शहरांत 'पुढे उड्डाणपूल घ्या' हे आधी सांगण्याची सोय आणली. लालबागचा पूल तोवर तेरा वर्षांचा झाला होता.

ही नुसती वळशाची गोष्ट असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. जुलै 2025 मध्ये बेलापूरला मध्यरात्रीनंतर एक महिला एकटीच गाडी चालवत होती. तिला खाडीपुलावरून जायचं होतं. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर तिने पुलाखालचा रस्ता धरला. तो रस्ता जेट्टीला जाऊन संपतो. गाडी थेट खाडीत पडली. जवळच सागरी सुरक्षेचे पोलीस होते, त्यांनी तिला वाचवलं. वरून की खालून, हा प्रश्न त्या रात्री विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

उपग्रहाच्या आधाराने रस्ता शोधण्याची ही सोय सामान्य माणसापर्यंत आली त्याला फार काळ लोटलेला नाही. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालू झाली 1995 मध्ये. पण लष्करी कारणांसाठी नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती चूक शंभर मीटरपर्यंत जाई. गिरगावात शंभर मीटर म्हणजे एका वाडीऐवजी तिसऱ्याच वाडीत पोचलात. मे 2000 च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयाने ही भेसळ बंद झाली आणि एका रात्रीत जगभरच्या यंत्रांची अचूकता कितीतरी पटींनी वाढली. गाडीच्या काचेला रबरी वाटीने चिकटणारी छोटी यंत्रं घरोघर जायला खरा रस्ता तिथून मोकळा झाला.

पण उपग्रह आकाशात असून भागत नाही, खाली नकाशा लागतो. सर्व्हे ऑफ इंडिया 1767 पासून देश मोजत आली, पण तिचे बारकाईचे नकाशे बराच काळ सामान्यांच्या हाती सहज येत नव्हते. कुणीही नकाशा करावा, वापरावा, विकावा ही मोकळीक सरकारने दिली ती थेट फेब्रुवारी 2021 मध्ये. त्यामुळे मधल्या काळात खासगी कंपन्यांना रस्ता न् रस्ता स्वतः फिरून नोंदवावा लागला. दिल्लीच्या राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने 1995 मध्ये सुरू केलेली मॅपमायइंडिया ही त्यांतली ठळक. पुढे तिच्या नकाशांवर चालणारी, काचेवर लावायची यंत्रं बाजारात आली. गार्मिनसारख्या परदेशी कंपन्यांचीही आली. सात-आठ वर्षं त्यांचा चांगला जम होता.

ज्यांनी ती वापरली त्यांना त्यांच्या खोडी पाठ आहेत. यंत्र बरेच दिवस बंद असलं की उपग्रह शोधायला चांगला वेळ घेई. गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी असली तर मोकळ्यावर येऊन थांबावं लागे. सिगारेट लायटरच्या खाचेत वायर खुपसायची, पडदा बोटाने जोरात दाबायचा. एप्रिल-मेच्या उन्हात रबरी वाटी सुटून यंत्र मांडीवर पडायचं. बाहेर पडताना ते काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचं. किंमत पाच आकडी, म्हणून ते असायचं ते गोव्याला, नाशिकला, शिर्डीला सहकुटुंब जाणाऱ्या घरच्या गाडीत. काळ्यापिवळ्या टॅक्सीत मला ते कधीच दिसलं नाही. टॅक्सीच्या जगात उपग्रह आला तो 2007 नंतर मेरूसारख्या फोनवरून बोलवायच्या गाड्यांतून. आणि तिथेही तो मुख्यतः गाडी कुठे आहे हे ऑफिसला कळावं म्हणून होता.

हायवेवर या यंत्रांनी उत्तम काम केलं, हे आवर्जून सांगायला हवं. कोकणात रात्री फाटा चुकला की पूर्वी बंद टपरीपाशी कुणी जागं होण्याची वाट बघावी लागे. अशा चालकांना यंत्राने मोठाच धीर दिला. अडचण झाली ती गावात शिरल्यावर, आणि सगळ्यात जास्त जुन्या मुंबईत.

एक तर नावं. यंत्रात पत्ता इंग्रजी स्पेलिंगने भरायचा. परळ आणि पार्ले यांच्या स्पेलिंगमध्ये दोनच अक्षरांची अदलाबदल. पण एक केईएमच्या दारात नेतं आणि दुसरं विमानतळाच्या कुशीत. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलण्यात लॅमिंग्टन रोड. पाटीवर सेनापती बापट मार्ग, बोलण्यात तुळशी पाइप. ना. म. जोशी मार्ग अजून डिलाइल रोड आहे. दादरला ट्राम शेवटची धावली 31 मार्च 1964 रोजी, पण टॅक्सीवाल्याला दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनसच, सांगावं लागतं; खोदादाद सर्कल म्हटलं तर तो क्षणभर थबकतो. सुरुवातीच्या यंत्रांत बरेचदा यांतलं एकच नाव असे, आणि नेमकं जे आपण बोलत नाही तेच असे.

दुसरं म्हणजे आपण पत्ता सांगतो तो रस्त्याने सांगतच नाही. प्लाझाच्या समोर, कबुतरखान्याच्या मागे, पोर्तुगीज चर्चच्या अलीकडे. ही रीत अडाणीपणाची नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोळ्यांना जे दिसतं तेच त्यात सांगितलेलं असतं. गूगलने डिसेंबर 2009 मध्ये भारतातल्या नकाशावर रस्ता सांगताना अशा खुणा सांगायला सुरुवात केली. अमक्या मीटरवर वळा याऐवजी अमक्या पंपानंतर वळा. शेवटी नकाशालाच आपल्या रीतीकडे यावं लागलं, याचं मला फार समाधान वाटतं.

पत्त्याला शिस्त लावायचा मोठा प्रयत्न आपल्याकडे एका मराठी माणसानेच केला होता. डाक-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी घडवलेला पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाला. गिरगाव 400004, परळ-लालबाग 400012. त्या सहा आकड्यांनी पत्र योग्य पोस्टात पोचवलं. तिथून पुढे दारापर्यंत पोस्टमनची ओळख कामी येई. 2025 मध्ये डाक खात्याने डिजिपिन आणला. त्यात देशाचे साधारण चार मीटर लांब-रुंद चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला दहा अक्षरी खूण दिली आहे. पण चाळीत चौथ्या मजल्याची खोली आणि तळमजल्याची खोली एकाच चौकोनात येतात. आकाशातून बघणाऱ्याला उंचीचं कोडं इथेही सुटलेलं नाही.

गिरगावात हे सगळं एकत्र भेटतं. जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाड्या: फणसवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी, खोताची वाडी. काहींची तोंडं अशी की दोन दुकानांमधली फट वाटावी. आत शिरलं की दोन्हीकडे तीन-चार मजली इमारती, वर आकाशाची पट्टी. उपग्रहाचा संदेश सरळ न येता भिंतींवर आपटून येतो आणि पडद्यावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. चालक उभा आहे एका वाडीत, यंत्र म्हणतं दुसऱ्या. त्यात मेट्रो 3 चं काम. हा भुयारी मार्ग गिरगाव-काळबादेवीसह पूर्ण खुला झाला ऑक्टोबर 2025 मध्ये. त्याआधीची कितीतरी वर्षं गिरगावातले त्या कामाभोवतीचे पत्रे आज इथे, उद्या तिथे सरकत होते. कालचा दुतर्फा रस्ता आज एकेरी, परवा बंद. मेमरी कार्डावर गोठलेल्या नकाशाचं तिथे काही चालणारच नव्हतं. फोनवरचा ताजा नकाशासुद्धा मागे पडे. आता चौपाटीशी सागरी किनारा मार्गाचं बोगद्याचं तोंड आहे. प्रियदर्शिनी पार्कपर्यंतचा तो बोगदा दोन किलोमीटरहून थोडा जास्त. आत उपग्रह दिसत नाही, तेव्हा फोन आधीच्या वेगावरून अंदाज बांधत राहतो. तिथे रस्ता सरळ असल्याने निभावतं.

ठाकूरद्वारहून केईएमला जाताना भेटलेल्या एका टॅक्सीवाल्या काकांबद्दल इथे लिहायलाच हवं. वय साठीच्या पुढे, खाकी शर्ट, डॅशबोर्डवर फोन आणि फोनमागे गणपती. फोनवर नकाशा चालू, आवाज बंद. लॅमिंग्टन रोडवर पुढचा पट्टा गडद लाल झाला. नकाशाने लगेच उजवीकडून दुसरा रस्ता सुचवला. काकांनी गाडी तशीच ठेवली.

मी म्हटलं, "काका, तो बाजूने जायला सांगतोय."

"टेम्पो उभा आहे, माल उतरतोय. त्याच्यामुळे लाल आहे."

"मग थांबायचं?"

"क्लीनरकडे बघा ना. ताडपत्री बांधायला घेतली त्याने. सुटला आता."

खरोखरच दोन मिनिटांत टेम्पो हलला. तोवर पडद्यावरचं लाल तसंच होतं. ते निवळायला अजून थोडा वेळ गेला. पुढच्या वाटेवर ते बोलत राहिले. कुठल्या शाळेची पाळी किती वाजता सुटते, कुठल्या देवळासमोर मंगळवारी रांग रस्त्यावर येते, कुठल्या सिग्नलला हवालदार हाताने गाड्या सोडतो, आणि पाऊस अर्धा तास टिकला तर पाणी तुंबणारं हिंदमाता टाळायचं. त्यांच्या बोलण्यात रस्त्याच्या आधी नेहमी वेळ येत होती. भायखळ्याला मात्र त्यांनीही विचारलंच, "वरून ना?"

लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिला तिथे 'नॉलेज' म्हणतात. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते तोंडपाठ करायचे. एलेनॉर मॅग्वायर या संशोधिकेने 2000 मध्ये दाखवून दिलं, की या चालकांच्या मेंदूतला स्मृतीशी आणि दिशांशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. 2011 मध्ये तिने आणि तिच्या सहकारी संशोधिकेने हेही दाखवलं, की परीक्षेची तयारी करून उत्तीर्ण झालेल्यांच्या मेंदूत हा बदल तयारीच्या काळात घडतो. म्हणजे रस्ते शिकल्याने मेंदू घडतो. आमच्या काकांच्या डोक्याचं कुणी चित्र काढलेलं नाही. पण त्यांना फक्त रस्ते पाठ नाहीत, रस्त्यांचं वेळापत्रक पाठ आहे. आणि ते शिकायला त्यांना उभी हयात लागली. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी रस्त्यावरून उतरली तेव्हा वर्तमानपत्रांनी पानं भरून लिहिलं. चालकांच्या त्या पिढीच्या डोक्यातलं हे ज्ञान उतरवून ठेवायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

याचा अर्थ नवीन चालकांना नावं ठेवावीत असा नाही. अॅपवर गाडी चालवणारा तरुण बीडहून, आझमगढहून, दरभंग्याहून येतो आणि आल्याच्या आठवड्यात कमवू लागतो, ते या नकाशामुळे. पूर्वी त्याला कुणा गाववाल्याच्या शेजारी बसून महिनोन् महिने मुंबई शिकावी लागली असती. अडचण त्याच्यावर असलेल्या बंधनाची आहे. मार्ग अॅप ठरवतं, भाड्याचा अंदाज त्याच मार्गावर बेतलेला, आणि मागे बसलेला प्रवासी स्वतःच्या फोनवर तीच निळी रेघ बघत असतो. चालकाने ओळखीची गल्ली धरली की प्रवासी लगेच विचारतो, "इकडून कुठे?" रोजच्या या प्रश्नाला कंटाळून तो शिकायचंच सोडून देतो. निळ्या रेघेवरून गेलं की कुणी बोलत नाही.

कायद्याने या वापराला जागा दिली आहे. ऑक्टोबर 2020 पासून मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे, की गाडी चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरावं आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. काचेवरचं जुनं यंत्र या एका बाबतीत सरस होतं. त्यावर दुसरं काही यायचं नाही. आजच्या फोनवर वळणाच्या ऐन क्षणी पुढच्या भाड्याची घंटी वाजते.

आणि आता लालबागचे गणपतीतले ते अकरा दिवस. फोनवरचा नकाशा गर्दी ओळखतो ती रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून. फोन हळू सरकत असतील तर रस्ता तुंबला आहे असं तो समजतो. बर्लिनच्या सायमन वेकर्ट या कलाकाराने 2020 मध्ये 99 जुने फोन एका छोट्या हातगाडीत घालून ती रिकाम्या रस्त्यावरून ओढत नेली, आणि नकाशावर तो रस्ता लाल झाला. लालबागला गणपतीत याहून कितीतरी जास्त फोन लोकांच्या खिशांतून पायी चालत असतात. त्यातली गाडी कुठली आणि रांग कुठली, हे यंत्राने ओळखायचं. एका बाजूला मुखदर्शनाची रांग, दुसऱ्या बाजूला चिंचपोकळी स्टेशनातून बाहेर पडणारा लोंढा, मध्ये रात्री दोनला अचानक ओढलेला दोर. त्या दिवसांत इथले चालक नकाशा बघतच नाहीत. ते एकमेकांना फोन करतात, किंवा वाहतूक पोलिसांची अधिसूचना बघतात.

या अधिसूचनेपाशी मला थांबायचं आहे, कारण खरी गाठ इथे आहे. गेल्या काही वर्षांत मध्य मुंबईतले जुने पूल एकामागून एक बंद झाले. लोअर परळचा डिलाइल पूल जुलै 2018 मध्ये बंद झाला, पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर 2023 उजाडलं. वरळी-शिवडी जोडरस्त्यासाठी एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये बंद झाला. त्याचा भार गेला दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर. करी रोडसाठी निघालेली सूचना अशी होती: सकाळी 7 ते दुपारी 3 भारतमाताकडून लोअर परळकडे एकेरी, दुपारी 3 ते रात्री 11 उलट दिशेने एकेरी, आणि रात्री 11 नंतर दुतर्फा. म्हणजे एकच पूल दिवसातून तीन प्रकारचा. शिवाय सूचनेत लिहिलेलं असतं कॉम्रेड कृष्णा देसाई चौकापासून शिंगटे मास्तर चौकापर्यंत. ही नावं मोठ्या माणसांची आहेत, चौकांना ती शोभतातही. पण चालक तिथे भारतमाता म्हणतो, नकाशात कधी तिसरंच काही असतं, आणि ती सूचना त्याच्यापर्यंत पोचते कागदाचा फोटो म्हणून, वॉट्सअॅपवरून पुढे ढकललेली. त्या फोटोतलं अक्षर यंत्राला वाचता आलं तरी चौक कुठला ते कळत नाही.

वेळेप्रमाणे बदलणारा रस्ता किती घातक ठरू शकतो हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. जानेवारी 2021 मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कळसूबाईकडे निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्यात गेली आणि चालक बुडाला. नकाशावर पूल होता. पूल खरोखरच तिथे होता, पण वर्षातले काही महिने तो पाण्याखाली असतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

परळमध्ये हा प्रश्न रुग्णवाहिकेचा होतो. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं रेल्वेरुळांच्या पूर्वेला. वरळी-प्रभादेवीकडून येणाऱ्या रुग्णाला रूळ ओलांडण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. बाहेरगावाहून कॅन्सरचा रुग्ण घेऊन आलेल्या चालकाला तर भारतमाताही माहीत नसतं आणि शिंगटे मास्तर चौकही नाही. त्याच्यापाशी असतो फक्त फोन. दुपारी तीनला करी रोडचा पूल उलटा फिरला, हे त्या फोनला त्याच मिनिटाला कळलं पाहिजे.

हे अवघड नाही. सूचना काढताना प्रत्येक चौकाचे अक्षांश-रेखांश, बंद-सुरूची तारीख आणि तास एका ठरलेल्या साच्यात भरून ती सर्व नकाशा कंपन्यांना एकाच वेळी खुली करायची. प्रत्येक चौकापुढे त्याची बोलण्यातली दोन-तीन नावंही लिहायची. ती नावं, वाडीचं गाडी शिरणारं तोंड कुठलं, हिंदमाताला पाणी आधी कुठल्या बाजूला चढतं, हे सांगायला जुन्या टॅक्सीवाल्यांना बोलवायचं आणि त्या कामाचे त्यांना पैसे द्यायचे. महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी ठरवलं तर गिरगाव ते दादर एवढ्या पट्ट्यात हे काम पुढच्या पावसाळ्याआधी होऊ शकतं. सुरुवात केईएमच्या दारापासून करावी.